"चाळीस कामून? तीस घे!" : लेकरांचे जुने कपडे विकत घेण्याबद्दल

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेल्या पुनरुक्ती काढल्यात, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



सुरुवातीला माझीच एक फजिती सांगतो. दिवाळीच्या तोंडावर मी गावी होतो, घरूनच काम चालू होतं. भाचीसाठी परकर-पोलकं शोधत होतो. वापरलेल्या वस्तू विकायच्या एका ॲपवर गाव म्हणून 'वाशी' टाकलं आणि बघतो तर ढीगभर कपडे! खणाचं परकर-पोलकं, 'एकदाच घातलंय', साडेतीनशे रुपये. मी खूश. लगेच मेसेज टाकला, "संध्याकाळी येऊन बघू का?" समोरून उत्तर आलं, "या ना, सेक्टर सतरा." तेव्हा डोक्यात उजेड पडला. आमच्या वाशीत सेक्टर कुठले आलेत! ती वाशी नवी मुंबईची. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली, तालुक्याचं गाव. येरमाळ्याची येडेश्वरी आणि तेरखेड्याचे फटाके ही आमच्या भागाची ओळख. दोन्ही वाश्यांमध्ये साडेतीनशे किलोमीटरच्या वर अंतर आहे.

हसून सोडून दिलं, पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. त्या वाशीत चांगल्या पगारातले लोक मुलांचे वापरलेले कपडे बिनदिक्कत विकतात आणि घेतात. आमच्या वाशीत, जिथं पैशाची ओढाताण जास्त, तिथं असा कपडा विकतच मिळत नाही. का?

जुना कपडा आपल्याला नवा नाही

आमच्याकडं जुना कपडा घालत नाहीत असं मुळीच नाही. उलट आपल्याकडं माणसाची सुरुवातच जुन्या कपड्यात होते. तान्ह्या बाळाला नवं कापड टोचतं, म्हणून धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती झबलं घालायचं, आजीच्या लुगड्यात गुंडाळायचं. थोरल्याचं धाकट्याला, धाकट्याचं चुलत भावाला, आणि अंगावर घालण्यासारखं राहिलं नाही की वाकळीत. संक्रांतीनंतर बोरन्हाण असतं. त्या काळ्या झबल्याचं आयुष्य किती? एक संध्याकाळ. त्यामुळे एकच झबलं गल्लीतल्या चार-पाच घरांत फिरतं आणि कुणाला त्याची लाज वाटत नाही.

शहरात तर या कपड्यांवर अख्खा धंदा उभा आहे. जुने कपडे घेऊन स्टीलचं पातेलं देणारी बोहारीण आठवते का? मुंबईत गुजरातमधून आलेल्या देवीपूजक समाजातल्या कित्येक बायका पिढ्यान् पिढ्या हे काम करत आल्यात. घरोघर फिरून घेतलेला कपडा त्या निवडतात. तो धुऊन, शिवून, इस्त्री होऊन परत बाजारात येतो. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथं वापरलेले कपडे उघड विकायला असतात. म्हणजे कापड फिरतंच आहे. फक्त आमच्या गावात ते विकत मिळत नाही, ते 'दिलं' जातं. आणि माझं दुखणं तिथंच आहे.

खिशावरचा डाग

चौथीत होतो. त्या वर्षी सोयाबीन पावसात गेलं. ज्या दुकानात वडिलांचं उधारीचं खातं होतं, त्या घरून शाळेचा शर्ट आणि हाफ चड्डी आली. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात होता. चांगली माणसं होती, मनापासून दिलं होतं, आजही त्यांच्याबद्दल मनात काही नाही. शर्टाच्या खिशावर शाईचा फिकट डाग होता. आईनं लिंबू-मीठ लावून घासला, तरी गेला नाही.

पहिल्याच दिवशी तो मुलगा म्हणाला, "अरे, हा माझा डाग!" चिडवलं नाही, हसला नाही. हरवलेली वस्तू सापडावी तसा आनंदानं म्हणाला. पण मी ते वर्षभर दप्तराचा पट्टा खिशावरून घेऊन फिरलो. शर्ट काखेत घट्ट होत होता. तेही घरी सांगितलं नाही, कारण आलेल्या कपड्याला नावं ठेवायची नसतात. दुकानात गेलं की त्या काकू विचारायच्या, "बरा बसला का रे?" मी मान हलवायचो.

आता अठ्ठाविसाव्या वर्षी विचार करतो की नेमकं काय टोचलं होतं. कपडा जुना असणं नव्हे. घरात तर मी चुलत भावाचे कपडे घालतच होतो. टोचलं ते हे, की तो शर्ट मी निवडला नव्हता आणि नाही म्हणायची सोय नव्हती. विकत घेणाऱ्या माणसाला दोन हक्क असतात: निवडायचा आणि नाकारायचा. फुकट घेणाऱ्याला बहुतेक वेळा दोन्ही नसतात.

आमचं पहिलं व्हर्जन पडलं

गेल्या जूनमध्ये आम्ही चार मित्रांनी ठरवलं की शाळा सुरू व्हायच्या आधी काहीतरी करायचं. पुण्यातल्या ऑफिसमधून, सोसायट्यांमधून लहान मुलांचे कपडे जमवले. जमले भरपूर, पण अर्ध्याहून जास्त निरुपयोगी. चेन तुटलेल्या, घामाचा वास येणारे, काहीतर चक्क मोठ्यांचे पार्टीचे ड्रेस. बरेच लोक दान करत नव्हते, कपाट रिकामं करत होते.

उरलेले एका मित्राच्या झेरॉक्सच्या दुकानासमोर टेबलावर मांडले आणि पाटी लावली, 'मोफत'. 2015 च्या अखेरीला इराणमधल्या मशहद शहरात एका भिंतीला खुंट्या ठोकून 'नको असेल तर ठेवा, हवं असेल तर घ्या' असं सुरू झालं होतं. पुढे आपल्याकडं ठिकठिकाणी 'माणुसकीची भिंत' उभी राहिली ती त्याच धर्तीवर. आमच्या डोळ्यांसमोर तेच होतं.

दिवसभरात मोजकी माणसं आली. ज्यांना खरी गरज होती ती समोरच्या टपरीवर उभी राहून नुसती बघत होती. एक बाई जवळ आल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "नाव लिहून घेणार का? फोटो काढणार का?" अंधार पडल्यावर दोघी-तिघी आल्या, न बघताच उचललं आणि गेल्या. माप सुद्धा बघितलं नाही. मला माझा काखेत घट्ट होणारा शर्ट आठवला.

आठवड्याने परत मांडलं, पण सगळं बदलून. गावातल्या शिंप्याला प्रत्येक नगाचे पैसे देऊन बटणं, काज, हुक, शिवणी नीट करून घेतल्या. कपड्यांवरची आधीच्या मुलांची नावं काढली. इस्त्री केली. कपडे हँगरला लावले, एक आरसा ठेवला. आणि किंमत लिहिली: शाळेचा शर्ट चाळीस, फ्रॉक साठ, परकर-पोलकं शंभर. खाली लिहिलं, 'आठ दिवसांत परत घेऊ'. फोटो नाही, यादी नाही.

पहिल्याच तासात एक मावशी आल्या. शर्ट उजेडात धरला, कॉलर चिमटीत पकडली आणि म्हणाल्या, "चाळीस कामून? कॉलर विरलीय की. तीस घे!"

मंडळी, मला इतका आनंद प्रमोशनला झाला नव्हता. घासाघीस करायला मनात बळ लागतं. त्या गिऱ्हाईक होत्या, लाभार्थी नव्हत्या. पस्तीसला सौदा झाला. तीन दिवसांनी दुसऱ्या एक ताई फ्रॉक परत घेऊन आल्या. "चांगला हाय, पण पोरीला रंग न्हाई आवडला." आम्ही साठ रुपये परत दिले. एका लेकराला नाही म्हणता आलं, यातच माझी चौथी वसूल झाली.

पण गणवेश तर सरकार देतं ना?

देतं, आणि चांगली गोष्ट आहे. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत पहिली ते आठवीला दोन गणवेश मिळतात, एका संचाला 300 रुपये या हिशोबानं. पूर्वी सगळ्या मुली आणि अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालची मुलं यांनाच मिळायचे, 2023-24 पासून सगळ्यांना लागू झालं. 2024-25 ला राज्यभर एकच गणवेश महिला बचत गटांकडून शिवून द्यायचं ठरलं. पण बऱ्याच ठिकाणी कपडे उशिरा आले आणि मापं चुकली. मग 2025-26 पासून काम परत शाळा व्यवस्थापन समितीकडं गेलं.

तरी गरज उरते. नववी-दहावी यात नाही. खासगी इंग्रजी शाळेतलं लेकरू यात नाही. आरटीईतून प्रवेश मिळाला तर फी माफ होते, पण गणवेशाचा खर्च बऱ्याचदा पालकांच्या अंगावरच पडतो. आणि दोन संच वर्षभर पुरतात का, हे चिखलातून शाळेत जाणाऱ्या पोराच्या आईला विचारा.

शिवाय पाच ते दहा वर्षांचं मूल वर्षाला साधारण 5-6 सेंटिमीटर वाढतं. म्हणून तर आपली माणसं 'वाढत्या अंगाचं' घेतात. पहिलं वर्ष ढगळ, दुसरं वर्ष बरोबर, तिसरं वर्ष तोकडं. अंगाबरोबरचा कपडा मिळतो तो एकच वर्ष. जुना कपडा स्वस्त असल्यामुळं आजच्या मापाचा घेता येतो, हा त्याचा मोठा फायदा.

घेताना काय बघायचं

शिंपीदादांकडून शिकलेलं सांगतो, लिहून घ्या.

शाळेचा कपडा फाटतो तो ठरलेल्या जागी: बैठकीची शिवण, गुडघे, काख, कॉलर. तो भाग उजेडात धरा. आरपार दिसायला लागलं तर महिनाभरही टिकणार नाही. शिवण उसवली असेल तर खुशाल घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. कापड विरलं असेल तर सोडा. खालची दुमड उलटून बघा. दोन-अडीच इंच असेल तर अजून एक वर्ष निघतं. उसवल्यावर जुन्या दुमडीची रेघ दिसते, तिच्यावर पट्टी किंवा काठ लावला की झालं.

सणाच्या कपड्याचं अस्तर आधी बघा. जरीची टोकं आतून टोचत असतील तर लेकरू अर्ध्या तासात रडायला लागतं. टिकल्या, आरसे चिकटवलेले असतील तर हात फिरवून बघा. लहान बाळ सुटलेली टिकली तोंडात घालतं. ओला पांढरा रुमाल घासा, रंग लागला तर तो वेगळाच धुवा. शिवजयंतीचा मावळा, आषाढीच्या दिंडीतली रुक्मिणी, गॅदरिंगची नऊवारी हे एका दिवसाचे कपडे. ते नवे घ्यायचं कारणच नाही.

दिवाळीला एक पथ्य पाळा. नकली रेशमाचे चमकदार कपडे बहुतेक पॉलिस्टरचे असतात. ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतात. नवं असो वा जुनं, फटाके उडवताना अंगावर सुती आणि अंगाबरोबरचंच पाहिजे. फटाक्यांच्या पट्ट्यातला माणूस सांगतोय, ऐका.

आतले कपडे आणि मोजे नवेच घ्या. बूट शक्यतो जुने नको, ते दुसऱ्याच्या पायाच्या वळणाला पडलेले असतात. बाकी काहीही घेतलं तरी गरम पाण्यात साबणानं धुऊन, उलटं करून कडक उन्हात वाळवल्याशिवाय घालू नका.

आईचं म्हणणं

आता खरा पेच. मी भाचीसाठी जुनं परकर-पोलकं घेणार म्हटल्यावर आई तडकली. "आरं, कमवायला लागलास की आता! दिवाळीला मामा उतरलेलं घालतेत का लेकराला?"

मी पाण्याचं सांगितलं, की एका सुती टी-शर्टमागं 2,700 लिटर पाणी लागतं असा अंदाज आहे आणि आपण दुष्काळी तालुक्यातली माणसं. आईवर काही परिणाम नाही. मग तिनं एकच गोष्ट सांगितली. आमच्या भागातली कितीतरी घरं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतात, आणि त्या कर्जाच्या पैशातून पहिल्यांदा काय घेतात? लेकरांना नवे कपडे. "फडावर वर्षभर काय बी घालंल. पण निघताना अंगावर नवं पाहिजे, त्याला वाटू नये आपुन गरीब हाव."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. नवा कपडा न परवडणाऱ्यासाठी दिवाळीचा एक नवा कपडा ही चैन नसते, ती मान असते. ज्याच्याकडं दर महिन्याला पार्सल येतं त्याला जुनं घालणं सोपं. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याचंच घातलं त्याला मी पर्यावरण कोणत्या तोंडानं शिकवू?

म्हणून आमच्या घरात मधला रस्ता निघाला. दिवाळीला एक कपडा नवा, साधा सुती, दुकानात नेऊन लेकराच्याच पसंतीचा. बाकी शाळेचं, लग्नाकार्याचं, मिरवायचं सगळं जुनं चालेल, पण तेही लेकरानंच निवडलेलं. भाचीला मी ऑफिसातल्या ताईंकडच्या तीन परकर-पोलक्यांचे फोटो दाखवले. तिनं जांभळं निवडलं. भाऊबीजेला घालून आली आणि विचारलं, "मामा, हे आधी कुणाचं होतं?" सांगितलं. "तिला आता होत नाही का?" "नाही." "मग ठीकय." आणि खेळायला पळाली. आई बघत होती, काही बोलली नाही. पण पुढच्या जूनच्या टेबलासाठी कॉलरी उलटवून द्यायचं काम तिनं मागून घेतलंय.

तर मंडळी, तुमच्या कपाटात लेकरांचे तोकडे झालेले कपडे असतील तर ते धुवा, बटण लावा, आणि शक्य असेल तर फुकट वाटू नका. दहा रुपये का होईना, किंमत लावा. समोरच्याला घासाघीस करू द्या, आणि आवडलं नाही तर परत आणू द्या.

तुमच्या गावात काय पद्धत आहे, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. राम राम.