टोकन आणि बिल्ले : ओळख आणि मोल



जुन्या नाण्यांवर व्याख्यान आहे म्हटल्यावर शिवराई, होन, मोगली मोहरा ऐकायला मिळतील असं तुम्हाला वाटलं असेल. त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, पुढेही लिहिलं जाईल. मी बोलणार आहे टोकनांवर आणि बिल्ल्यांवर. राजाने पाडलं नाही, सरकारने पाडलं नाही, पण एखाद्या दुकानदाराने, गिरणीने, मळेवाल्याने स्वतःच्या नावावर काढलं आणि लोकांनी त्याच्या भरवशावर घेतलं, असं हे धातूचं चलन. याच्याकडे आपल्याकडे कुणी लक्ष देत नाही. घर आवरताना डब्यात सापडतं आणि भंगारात जातं.

सोलापूर जिल्ह्यातल्या आपल्या दुधनीत हा विषय परका वाटू नये. आपला भाग सरहद्दीवरचा. अलीकडे इंग्रजी कलदार रुपया, पलीकडे गुलबर्ग्याच्या अंगाला निजामाचा चारमिनार असलेला हाली सिक्का. शंभर कलदार म्हणजे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, असा तो हिशेब. हैदराबाद संस्थान गेलं तरी हाली १९५९ पर्यंत चालला. अशा मुलखात अडतीवर बसणाऱ्याला रुपया हातात आला की तीन गोष्टी बघाव्याच लागत: हा कुठला, खरा की खोटा, आणि आज याचे किती येतील. टोकनालाही हेच तीन प्रश्न विचारायचे आणि याच क्रमाने विचारायचे. आज माणसं तिसऱ्यापासून सुरुवात करतात. मोबाईलवर फोटो पाठवतात आणि विचारतात, "याचे किती येतील?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं हातात नसताना तिसऱ्याला उत्तरच नसतं.

टोकनांचा अभ्यास फार बारकाईने झाला तो इंग्लंडात, आणि त्यात पबच्या टोकनांचा वाटा मोठा. पब म्हणजे नुसता दारूचा गुत्ता नव्हे. मंडळांच्या बैठका तिथे व्हायच्या, खेळ तिथे चालायचे, मजुरांचा पगारसुद्धा कित्येक ठिकाणी तिथेच वाटला जायचा. पगार हातात पडायचा तो दारूच्या बाकावर, आणि घरी काय पोचायचं ते सांगायला नको. शेवटी १८८३ साली पबमध्ये मजुरी वाटायला बंदी करणारा कायदाच पार्लमेंटला करावा लागला.

तिथे टोकनांची सुरुवात झाली चिल्लरटंचाईतून. १६४९ साली पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. त्यानंतर सुट्ट्या पैशांची सोय सरकारकडून होईना, म्हणून दुकानदार आणि पबवाले स्वतःचे फार्दिंग आणि अर्धे पेनी पाडू लागले. फार्दिंग म्हणजे पाव पेनी. यातलं एखादं टोकन जवळून बघा. एका बाजूला पबची निशाणी, म्हणजे सिंह, मुकुट, घंटा असं काहीतरी. वाचता न येणाऱ्यालाही दुकान कळावं म्हणून ती. दुसऱ्या बाजूला मधोमध त्रिकोणात तीन अक्षरं. वरचं अक्षर आडनावाचं, खालचं एक नवऱ्याच्या नावाचं आणि दुसरं बायकोच्या. धंदा दोघं मिळून चालवत होती, याचा हा साडेतीनशे वर्षांपूर्वीचा पुरावा. त्या काळातल्या साध्या बायकांची नावं इतिहासात फार कमी सापडतात. इथे निदान एक अक्षर तरी उरलंय, आणि मला त्या धातूपेक्षा ते अक्षर मोलाचं वाटतं. १६७२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने सरकारी तांब्याची नाणी काढली आणि खाजगी टोकनं बंद केली. पुढे विल्यम बॉइनने १८५८ मध्ये त्यांची सूची छापली, विल्यमसनने ती वाढवली, आणि आजही ओळख पटवताना तिचाच क्रमांक सांगतात.

पबच्या टोकनांची दुसरी मोठी लाट व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. पितळेच्या चकत्या, बहुतेक बर्मिंगहॅममध्ये पाडलेल्या. एका बाजूला पबचं आणि मालकाचं नाव, दुसऱ्या बाजूला दीड पेनी, दोन पेनी, तीन पेनी असं मोल. आकड्यापुढे इंग्रजी ‘डी’ अक्षर असतं, ते पेनीचं. साल बहुधा नसतंच. मग काळ ठरवायचा कसा? कडेला अगदी बारीक अक्षरात, भिंग लावल्याशिवाय न दिसणारं, पाडणाऱ्या कारखानदाराचं नाव असतं, कधी गल्लीसुद्धा. त्या काळी शहराशहरांच्या व्यापारी डिरेक्टऱ्या छापल्या जात. कोणत्या सालच्या डिरेक्टरीत तो कारखानदार त्या पत्त्यावर आहे आणि कोणत्या सालांत तो पबमालक त्या पबवर आहे, हे ताडून बघायचं. पबमालक वरचेवर बदलत, त्यामुळे दोन्ही याद्या जुळल्या की चार-पाच वर्षांच्या आत काळ बसतो. गाव छापलेलं नसेल तर हीच वाट उलटी चालायची: पबचं आणि मालकाचं नाव जोडीने कोणत्या गावात भेटतं ते शोधायचं. एवढा खटाटोप करूनही यातली बहुतेक टोकनं थोड्या पौंडांतच विकली जातात. ती शोधणारे लोक पैशासाठी शोधत नाहीत.

आता आपल्याकडे या. १८८९ साली हिंदुस्थान सरकारने धातूच्या टोकनांविषयी कायदा केला. पैसा म्हणून वापरायची धातूची चकती सरकारच्या परवानगीशिवाय कुणी पाडायची नाही, असा. हीच बंदी पुढे २०११ च्या नाणे कायद्यात आली. आपल्याकडच्या कँटीनच्या टोकनांवर आणे-पैसे न घालता ‘चहा’ किंवा ‘जेवण’ असा जिन्नस घालणं सोयीचं ठरलं, त्यामागे हाही विचार असावा असं मला वाटतं. आसाम, काचार, सिल्हेटच्या चहामळ्यांत मात्र मजुरीपोटी टोकनंच दिली जात. त्यातली बरीच बर्मिंगहॅमच्या हीटन कंपनीने पाडली, म्हणजे पबच्या चकत्या ज्या शहरात निघत तिथूनच. मळ्याबाहेर ती कोण घेणार? मजूर कमवायचा तिथेच आणि खर्चायचाही तिथेच. १९३६ च्या मजुरी कायद्याने मजुरी चालू नाण्यात किंवा नोटेतच द्यायची असं ठरवलं, त्याचं महत्त्व अशी चकती हातात घेतली की कळतं.

दुसऱ्या महायुद्धात चिल्लर बाजारातून नाहीशी झाली. जुनागढ, मोरवीसारख्या संस्थानांनी पुठ्ठ्याची कूपनं काढली आणि सरकारने १९४३ साली तांबं वाचवायला भोकाचा पैसा आणला. तो तुमच्या आज्यांनी नक्की वापरलाय.

आपल्या जिल्ह्यात शोधायचं ते गिरण्यांचं आणि रेल्वेचं. सोलापूरची जुनी मिल १८७७ ची, मोरारजी गोकुळदासांची. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कँटीनची तरतूद झाली. कँटीन आलं की टोकन आलंच. हजेरीचे बिल्ले, हमालांचे बिल्ले निराळेच. यांवरही साल नसतं, पण खुणा असतात. बिल्ल्यावर ‘जीआयपी’ रेल्वेची अक्षरं असतील तर तो नोव्हेंबर १९५१ च्या आधीचा धरा, कारण तेव्हा त्या रेल्वेची मध्य रेल्वे झाली. मोल आण्यात असेल तर एप्रिल १९५७ च्या आधीचं. ‘नये पैसे’ असेल तर १९५७ ते १९६४ मधलं. इंग्रजीत सोलापूरऐवजी ‘शोलापूर’ असेल तर तीही जुनेपणाची खूण. याला इंग्लंडातल्या डिरेक्टऱ्या लागत नाहीत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारलं तरी पुष्कळ कळतं.

एका चकतीविषयी मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. ‘ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, १८१८’ असं एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला रामदरबार, हनुमान किंवा कमळ. गावोगाव हे ‘नाणं’ लाखोंचं म्हणून दाखवतात, त्यात दैवी शक्ती आहे म्हणून सांगतात. कंपनीने १८१८ साली असलं कोणतंही नाणं पाडलेलं नाही. कंपनीच्या मद्रासच्या पगोड्यांवर विष्णूची मूर्ती होती हे खरं, पण ती नाणी निराळी. आणि कंपनीच्या तिन्ही इलाख्यांचं चलन एकसारखं झालं ते १८३५ मध्ये. ही चकती बारीक बघा: अक्षरं बोथट, पृष्ठभागावर ओतकामाचे फुगे. रामटंका म्हणून देवघरात भक्तीने ठेवली असेल तर आनंदाने ठेवा, पण त्यापायी कुणाला पैसे देऊ नका. जुन्या नाण्यांच्या खरेदीच्या नावाखाली कमिशन, फी, कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे. बँक असले व्यवहार करत नाही.

मग खऱ्या टोकनाची किंमत कशावर ठरते? किती उरलीत, किती चांगल्या स्थितीत आहेत आणि कुठली आहेत, यावर. जुनेपणावर फारशी नाही. माझ्या मते सगळ्यात वजन ‘कुठली’ याला. गावाचं आणि संस्थेचं नाव पक्कं असलेलं साधं पितळी टोकन हे नाव-गाव नसलेल्या चकचकीत तुकड्यापेक्षा कधीही वरचढ. आणि चिंच, लिंबू, राख लावून घासलंत की तीच अक्षरं जातात. पृष्ठभागावर चढलेला काळपट थर हा मळ नव्हे, तो त्याचा काळ आहे.

कायद्याचंही दोन वाक्यांत सांगतो. जमिनीत पुरलेलं काही सापडलं आणि त्याचं मोल दहा रुपयांच्या वर असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याने ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते परवानगीशिवाय परदेशी पाठवता येत नाही.

तेव्हा माझी विनंती एवढीच. घरी गेल्यावर जुने डबे, आजोबांच्या कोटाचे खिसे, दुकानाचा जुना गल्ला बघा. काही सापडलं तर धुऊ नका, विकू नका. एका कागदावर लिहा: कुठे सापडलं, कुणाचं होतं, ते माणूस कुठल्या गिरणीत, स्टेशनात, हॉटेलात काम करत होतं. तो कागद आणि ती चकती एका पाकिटात ठेवा. मग नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथल्या जाणकारांना दाखवा. गिरणीत काम केलेली माणसं आज आपल्यात आहेत, तोवर त्यांना विचारून घ्या.