प्रा. मधु दंडवते : दोन इंचांची गोष्ट
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दिलेलं भाषण)



"एखाद्या स्वातंत्र्यसैनिकावर थोडं बोला," असं सेक्रेटरींनी सांगितलं, तेव्हा मी लगेच प्रा. मधु दंडवते यांचं नाव घेतलं. आपल्यातली बरीच घरं गणपतीला रेल्वेने कोकणात जातात. त्या प्रवासाशी या माणसाचं काय नातं आहे, ते मुलांना कळावं एवढाच हेतू.

दंडवत्यांचा जन्म 21 जानेवारी 1924 चा, अहमदनगरचा. विद्यार्थी असतानाच ते 1942 च्या 'चले जाव' आंदोलनात उतरले. पुढे मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले. देश स्वतंत्र झाला, पण गोवा पोर्तुगीजांच्याच ताब्यात होता. तेव्हा 1955 साली हे प्राध्यापक गोव्याच्या सत्याग्रहात सामील झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही ते होतेच. नाथ पै यांच्या निधनानंतर 1971 मध्ये राजापूर मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठवलं आणि एकूण सलग पाच वेळा निवडून दिलं.

जून 1975 मध्ये आणीबाणी आली. संसदीय समितीच्या कामासाठी ते बंगळूरला गेले होते, तिथेच त्यांना अटक झाली. पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात. नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्या राज्यात, मधे फक्त पत्रं! इंग्रजांविरुद्ध लढलेल्या माणसावर स्वतंत्र भारतात ही वेळ आली.

1977 ला सरकार बदललं आणि दंडवते रेल्वेमंत्री झाले. 1974 च्या रेल्वे संपात नोकरी गेलेल्या कामगारांना परत कामावर घेण्याचं काम त्यांच्या खात्याने केलं. पण मला आज सांगायचं आहे ते फळीबद्दल.

इथल्या ज्येष्ठांना ती फळी आठवत असेल. नुसतं लाकूड. त्यावर रात्र काढली की सकाळी उतरताना पाठ आपली वाटायची नाही. थर्ड क्लासचं नाव बदलून सेकंड क्लास झालं होतं, पण फळी तीच! दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंच जाडीचा फोम बसवायला लावला. पहिल्या वर्गाची गादी काढून घेऊन समता आणायची नाही, दुसऱ्या वर्गाला वर उचलायचं, हा त्यांचा विचार. डिसेंबर 1977 मध्ये मुंबई–हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, तिच्यात पहिला वर्ग ठेवलाच नव्हता. आज आपण बर्थवर आडवे होतो, तेव्हा ही गादी कोणामुळे आली हे कोणाच्या मनातही येत नाही. मला वाटतं, चांगल्या कामाची खूण तीच.

कोकण रेल्वेचंही तसंच. 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि दंडवते अर्थमंत्री. एकाने मार्ग धरला, दुसऱ्याने पैशांची वाट मोकळी केली. केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ यांनीही भांडवल घातलं. पण 1991 च्या निवडणुकीत दंडवते राजापुरातून हरले. 1998 मध्ये रोह्यापासून मंगळूरपर्यंत गाडी धावली, तेव्हा ते तिथले खासदार नव्हते. म्हणून रूळ कमी टाकले गेले का? नाही ना!

12 नोव्हेंबर 2005 रोजी ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहदान करण्यात आलं. मरणानंतरही शिक्षकच राहिले.

मित्रहो, आपली सोसायटी ही छोटी लोकसभाच आहे. निवडणूक आहे, अंदाजपत्रक आहे, आणि गदारोळ तर आहेच! रौप्यमहोत्सवी निधीतून गेटवर कमान करायची की लॉबीत ग्रॅनाइट लावायचं, यावर गेल्या सभेत दोन तास वाद झाला. दोन्ही करा, माझी हरकत नाही. पण आपल्या वॉचमनच्या केबिनमध्ये पंचवीस वर्षांपूर्वीचं लाकडी बाकडं आहे आणि पंखा नाही. ते रात्रभर त्या बाकड्यावर बसतात, म्हणून आपण वर गादीवर निर्धास्त झोपतो.

कार्यकारिणीला माझी विनंती एवढीच आहे की, निधीतला पहिला खर्च तिथे करा. पंखा लावा, आणि बाकड्यावर दोन इंच फोम घाला.

जय हिंद, जय महाराष्ट्र!