बर्फ तिकडचा, बांध इकडचा

जालना जिल्ह्यातल्या आम्ही बचत गटाच्या बाया आज समुद्राबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आपल्याला टँकरची वाट बघायची वेळ, आणि या समुद्राचं काय सांगतात! आमच्या बैठकीतही तेच झालं. उत्तर ध्रुवाकडचा बर्फ वितळतोय, असा विषय निघाला, तर एक मावशी म्हणाल्या, "वितळू द्या की, पाणी तर वाढंल!"

मग आम्ही रसवंतीवरून बर्फ आणला. एका पेल्यातल्या पाण्यात खडा तरंगत सोडला. दुसऱ्या पेल्यावर चहाची गाळणी ठेवून तिच्यात खडा ठेवला. दोन्हींवर पाण्याची खूण केली. बर्फ विरघळला तेव्हा पहिल्यात पाणी खुणेलाच होतं, दुसऱ्यात खुणेच्या वर.

समुद्राचंही असंच. तरंगणारा बर्फ वितळून पातळी जवळपास वाढत नाही. पण ग्रीनलंड बेटाच्या जमिनीवर साचलेला बर्फ गाळणीतल्या खड्यासारखा आहे. तो समुद्रात आला की पाणी चढतंच.

तरंगत्या बर्फाचंही काम असतं. पत्र्याला चुना मारला की घर कमी तापतं, तसा पांढरा बर्फ ऊन परतवतो. तो गेला की खालचं काळं पाणी ऊन पितं. हे एक मोठं कारण, की १९७९ पासून आर्क्टिक भाग पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला.

१९०० पासून जगातला समुद्र सरासरी २० सेंटिमीटर चढला, म्हणजे जवळपास एक वीत. त्यात तापून फुगलेलं पाणी आहे, डोंगरांवरचा बर्फ आहे, ग्रीनलंडचाही आहे. ग्रीनलंडचा बर्फ इतका अवजड, की आसपासचा समुद्र तो स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ घटला की ओढ कमी होते आणि पाणी दूर सरकतं. त्याचा बोजा पडतो तो दूरच्या किनाऱ्यांवर. आपलं कोकण त्या दूरच्यांत.

एका वितीने काय होतं? आपल्या कडवंचीत बांध घातले ते पावसाचं पाणी शिवारात अडवायला. रायगडात पेण-अलिबागकडे खाडीकाठच्या भातशेतीला बांध असतो तो समुद्राला बाहेर ठेवायला. तिला खारजमीन म्हणतात. उधाणात बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं, मीठ मुरतं, भात पिकत नाही. समुद्र मुळातच वर असेल, तर प्रत्येक उधाण बांधाच्या माथ्याजवळ येतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. ते ग्रीनलंडने धाडलं, असं आम्ही म्हणत नाही. पण समुद्र वर असला की वादळाचं पाणी जास्त आत घुसतं.

तिथल्या बायांनी कुणाचा बर्फ वितळवला? तरी निस्तरणं त्यांच्याच वाट्याला. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बाया पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात. ही झाडं लाटेचा जोर मोडतात. झाडं राहिली तर त्यांचा धंदा राहतो, मागचं गावही.

पुढच्या बैठकीत दोन पेले आणि गाळणी घेऊन बसा. पोरींनाही बोलवा. आमच्या मावशी तो दुसरा पेला बघून गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "आपला बांध पाणी ठिवायला, त्यांचा पाणी हाकलायला. फुटला तर दोघींचंबी शेत जातं." खांड लहान आहे तोवर बुजवायची असते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.