पोरांना खेळवा, की आज जिंका?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात जुलै २०२५ मध्ये केलेले भाषण. बोलता बोलता वाहवत गेलो तेवढा भाग कापला आहे, बाकी जसेच्या तसे.)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘शाळेतले खेळ : काल आणि आज’. काल किती चांगला होता आणि आज कसं सगळं बिघडलंय, यावर आत्ता जेवणाच्या रांगेत इतकं बोलणं झालंय की मी भर घालायची गरज नाही. त्यामुळे विषय जरासा वळवतो. सकाळच्या बैठकीत क्रीडानिधीवरून जे झालं, त्यावर बोलतो.

जे बैठकीला नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या शाळेचा सतरा वर्षांखालचा कबड्डीचा संघ यंदा चांगला आहे. चार मुलं दहावीतली आहेत, गेल्या वर्षी थोडक्यात हरली. एक बाजू म्हणते, जमलेले पैसे या मुलांवर लावा. बाहेरचा प्रशिक्षक आणा, बूट घ्या, चार सराव सामने खेळवून आणा आणि यंदा जिल्हा जिंका. दुसरी बाजू म्हणते, पैसे मॅटवर लावा, पाचवी ते सातवीची मुलंमुली तयार करा आणि संघातही आत्तापासून आठवीची पोरं घाला. यंदा हरू, पण तीन वर्षांनी कोणी हात लावू शकणार नाही. आवाज चढले. एका ज्येष्ठ माजी विद्यार्थ्याने दुसऱ्या ज्येष्ठ माजी विद्यार्थ्याला ‘तू तेव्हाही राखीवच होतास’ असं सुनावलं. तो राखीव म्हणजे मी.

हे भांडण मला नवीन नाही. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हापासून माझं आणि माझ्या एका वर्गमित्राचं हेच चाललंय. तो आत्ता तिसऱ्या रांगेत बसलाय, तिथेही डाव्या कोपऱ्यात. आम्ही दोघं पुणेरी पलटणचे. पहिल्या दोन्ही सीझनला आपला संघ तळाला होता. २०१६ मध्ये एकाच वर्षात दोन सीझन झाले आणि दोन्ही वेळा तिसरा नंबर आला. मग पुन्हा घसरगुंडी. दर वेळी बालेवाडीहून परतताना मी म्हणायचो, नाव असलेले दोन चढाईपटू घ्या आणि प्लेऑफ गाठा. तो म्हणायचा, पोरं तयार करा. मी म्हणायचो, पोरं तयार होईपर्यंत आपण साठीला येऊ. तेवढं मात्र खरं झालं.

आठवा सीझन २०२१च्या डिसेंबरात सुरू झाला. करोनामुळे सगळे सामने बेंगळुरूला, प्रेक्षकांशिवाय. आम्ही त्याच्या घरी टीव्हीवर बघायचो. पलटणने नितीन तोमरला कर्णधार केलं होतं आणि राहुल चौधरीला घेतलं होतं. राहुल म्हणजे एकेकाळचा या लीगमधला सगळ्यांत गाजलेला चढाईपटू. मी खूश. संघ हरायला लागला. आणि मग दोन नवी पोरं चढाईला जायला लागली, एक आपल्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि दुसरा मोहित गोयत. दोघांनी पहिल्याच सीझनला चढाईचे शंभराच्या वर गुण केले. संघ प्लेऑफपर्यंत पोचला आणि एलिमिनेटरमध्ये यूपी योद्धाकडून हरला. मित्र म्हणाला, ‘हरले ते सोड, ही पोरं सोडू नका म्हणावं.’

आणि पलटणने ती सोडली नाहीत. इथे एक बारकावा आहे. अमेरिकेत बास्केटबॉलच्या एनबीएत जो संघ तळाला राहतो, त्याला पुढच्या वर्षीचा उत्तम नवा खेळाडू निवडण्याची संधी जास्त मिळते. तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या निवडीची शक्यता सारखीच, १४ टक्के. त्यामुळे तिथे जाणूनबुजून हरण्यातही फायदा असतो. माझा मुलगा तिकडे असतो, तो फिलाडेल्फियाची गोष्ट सांगतो. त्यांनी हाच मार्ग धरला आणि २०१५-१६ मध्ये ८२ पैकी फक्त १० सामने जिंकले. विजेतेपद अजून आलेलं नाही. आपल्या कबड्डीत हरण्याला असं काही बक्षीस नाही. इथे लिलाव आहे, आणि लिलावाच्या बाहेर नवे तरुण खेळाडू हेरून, कमी पैशांत करारबद्ध करून, राखून ठेवण्याची सोय आहे. म्हणजे पोरं हेरायची तर डोळा लागतो आणि राखायची तर धीर लागतो. हरावं लागतं असं नाही.

पुढे नवव्या सीझनला बी. सी. रमेश प्रशिक्षक होऊन आले. बंगालच्या संघाला विजेतेपद मिळवून दिलेला माणूस. पलटण पहिल्यांदा अंतिम सामन्यात गेली. १७ डिसेंबर २०२२, मुंबई, समोर जयपूर. आणि नेमके अस्लम आणि मोहित दोघंही दुखापतीमुळे बाहेर! ३३-२९ असे हरलो. त्या रात्री माझा मित्र एक शब्द बोलला नाही. मीच बोललो, आणि जे बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही.

दहाव्या सीझनला अस्लम कर्णधार झाला. साखळीत २२ पैकी १७ सामने जिंकले, दोनच हरले. १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवलं. पहिल्या डावात पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले, ती चढाई मी अजून मोबाइलवर बघतो. पंकजही पलटणमध्येच नवा म्हणून आला आणि मोठा झाला.

मित्राने फोन केला. ‘बोल आता.’

मी बोललो. मी म्हटलं, पोरं पोरं काय लावलंयस? नवव्या सीझनला इराणचा फझल अत्राचली १ कोटी ३८ लाखांना घेतला. दहाव्याला इराणचाच शादलुई २ कोटी ३५ लाखांना घेतला, आणि त्या सीझनचा सर्वोत्तम बचावपटू तोच ठरला, ९९ गुण घेऊन. हे काय पोरांचं बांधकाम झालं? तो शांतपणे म्हणाला, ‘ते दोघं कुठे खेळतात?’ दोघंही कोपऱ्यात. बचावात. पोरांना चढाईला मोकळं सोडायचं, त्यांनी चुकायचं, बाद व्हायचं, आणि मागे एक असा माणूस ठेवायचा की पोरगं बाद झालं तरी समोरच्याला पकडून त्याला परत आणेल. कबड्डीत ही एक गोष्ट मोठी सुंदर आहे. बाद झालेला गडी दुसऱ्याच्या पकडीने जिवंत होतो.

याच्यावर माझ्याकडे एकच हुकमी पान होतं, ते मी टाकलं. रायझिंग पुणे सुपरजायंट. आठवतंय ना? आयपीएलमधला आपला संघ, आयुष्य दोन वर्षांचं. पहिल्या वर्षी, २०१६ ला, आठात सातवा. ज्या संघाला दोनच वर्षं आहेत त्याने पोरं कोणासाठी घडवायची? दुसऱ्या वर्षी त्यांनी धोनीच्या जागी स्मिथला कर्णधार केलं, बेन स्टोक्सला साडेचौदा कोटींना घेतलं आणि थेट अंतिम सामना गाठला. तोही हैदराबादलाच, २१ मे २०१७. १३० धावा करायच्या होत्या, १२८ झाल्या. एका धावेने हरलो, आणि संघ संपला. पुढचं वर्ष नव्हतंच. मी म्हटलं, बरोबर केलं त्यांनी. मित्र म्हणाला, ‘त्यांच्यासाठी सलामीला कोण धावा करत होता?’ राहुल त्रिपाठी. महाराष्ट्राकडून खेळणारा, दहा लाखांत घेतलेला. ३९१ धावा. या माणसाशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर चेंडू मारणं, परत आपल्याच अंगावर येतो.

आता मी आजच्याच बाजूने इतका का भांडतो, ते सांगायला हवं. सर समोर बसलेत, म्हणून जरा अवघड आहे. पण सरांचं आता एका कानाने कमी ऐकू येतं, आणि मी मुद्दाम त्या बाजूला उभा आहे.

१९८५. मी दहावीत. नववीला मी संघात होतो. मागे वळून मारायची लाथ हा माझा हुकमी डाव. शाळांच्या स्पर्धेसाठी नावं लागली तेव्हा फळ्यावर माझं नाव नव्हतं. आमच्या पाच जणांपैकी चौघांची नव्हती. आठवीची पोरं घेतली होती, ज्यांना मी महिनाभरापूर्वी मैदानात पाणी मारायला पाठवत होतो. दहावीचा एकच ठेवला होता, डाव्या कोपऱ्याला. तोच, तिसऱ्या रांगेतला. मी सरांकडे गेलो. सर म्हणाले, ‘तू रोज ये. या पोरांना तुझी लाथ शिकव.’ मी म्हटलं, मी येणार नाही. आणि गेलो नाही.

सामन्याच्या दिवशी मात्र गेलो. कुंपणाच्या बाहेर सायकल लावून उभा राहिलो. पोरं पहिल्याच सामन्यात हरली, दोन लोण बसले. आणि मंडळी, मला आनंद झाला. चाळीस वर्षांत हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. माझी शाळा हरली आणि मी सायकलला टांग मारून खुशीत घरी गेलो.

दोन वर्षांनी त्याच पोरांनी जिल्हा जिंकला. शिक्षकखोलीबाहेर तो फोटो अजून आहे, आत्ता येताना बघितला. मी त्यात नाही, आणि नसणारच होतो. मला तो निर्णय चुकला असं आज वाटत नाही. पण तो बरोबर ठरला म्हणून माझं १९८५ परत आलं असंही नाही. नितीन तोमर किंवा राहुल चौधरी बाहेर बसला, तर त्याच्या गाठीशी आधीचे सीझन असतात. शादलुई पलटणमधून गेला तो लिलावात हरियाणाकडे गेला, आणि गेल्या २९ डिसेंबरला त्याच हरियाणाने विजेतेपद मिळवलं. कुठे? आपल्या बालेवाडीत! अस्लम सीझनच्या मध्यावरच जखमी झाला होता, पलटण पहिल्या सहांतही नव्हती. आम्ही दोघं तिकीट काढून दुसऱ्यांचा अंतिम सामना बघत बसलो होतो. थोडक्यात, खेळाडूला दुसरा संघ मिळतो. दहावीतल्या मुलाला दुसरी दहावी मिळत नाही. मिळाली तर घरचे काय करतील ते तुम्हाला माहीत आहे.

मित्राशी एवढी वर्षं भांडून मला जे कळलं ते एवढंच. शाळा म्हणजे पुणेरी पलटण आहे. तिला पुढचा सीझन आहे, त्याच्या पुढचाही आहे, तिने पोरं घडवलीच पाहिजेत. पण शाळेतला मुलगा म्हणजे सुपरजायंट आहे. त्याला दोनच वर्षं आहेत. आपण सगळे इथे शाळेच्या बाजूने बोलतोय, कारण आपण कधीच बाहेर पडलो. ती चार मुलं आज बैठकीला नव्हती.

म्हणून माझं म्हणणं असं. मॅट घ्यायचीच आहे, त्यावर माझा वाद नाही. आता सगळ्या मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात आणि आपली पोरं मातीत शिकून तिथे घसरतात. पण मॅट जानेवारीत घेतली तरी चालेल. दहावीची पोरं जानेवारीत सराव परीक्षेला बसलेली असतील. तेव्हा आधीचे पैसे या पावसाळ्यातल्या तयारीला द्या. दिवाळीपर्यंत त्यांचं जे व्हायचं ते होऊन जाईल. संघात आठवीची तीन पोरं जरूर घ्या, चढाईला मोकळी सोडा, आणि कोपऱ्यांत दहावीचे ठेवा. आणि ज्या मुलाचं नाव फळ्यावर येणार नाही, त्याला फळ्यावरून कळू देऊ नका. त्याला बोलवा, समोर बसवा आणि का ते सांगा. तो चिडेल, येणार नाही म्हणेल. त्याला आठवड्याने पुन्हा बोलवा. मला दुसऱ्यांदा बोलावलं असतं तर मी बहुतेक गेलो असतो. सर, ही तक्रार समजू नका. तुम्हाला तेव्हा पन्नास पोरं सांभाळायची होती आणि मी एक नंबरचा हट्टी होतो.

या दोन आठवड्यांत नावं ठरतील असं क्रीडाशिक्षकांनी सांगितलंय. सोमवारपासून संध्याकाळी साडेपाचला मी मैदानावर येतोय. तिसऱ्या रांगेतला कोपरा पण येणार आहे, त्याला अजून माहीत नाही. मागे वळून मारायची लाथ मला सांगता येते, मारून दाखवता येणार नाही, उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय. सर, ऐकू येतंय ना? चाळीस वर्षं उशीर झाला, पण पोरांना शिकवायला येतो म्हटलं.