जड पाण्याच्या गावात डिस्कस

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावात बोअरचं पाणी कसं असतं, ते घरातल्या बाईला विचारावं. तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याला आतून पांढरा थर धरतो. काळ्या दगडाच्या भेगांतून वर येणारं हे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेऊनच येतं. अशा गावात काचेच्या टाकीत डिस्कस मासा पाळायचा आणि त्याची पिल्लंही काढायची, असं कुणी मनावर घेतलं, तर पहिली गाठ पाण्याशीच पडते.

डिस्कस हा अमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. ताटासारखा गोल आणि चपटा, पूर्ण वाढला की वीतभर होतो. योहान नाटरर हे ऑस्ट्रियाचे निसर्गअभ्यासक 1817पासून तब्बल अठरा वर्षं ब्राझीलमध्ये हिंडले. त्यांनी रिओ नेग्रो नदीतून जमवलेल्या नमुन्यांवरून हेकेल या व्हिएन्नाच्या मत्स्यशास्त्रज्ञांनी 1840मध्ये या माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. ही नदी जंगलातला पालापाचोळा कुजवत वाहते. तिचं पाणी तांबूस काळं, आम्लधर्मी आणि क्षारांच्या बाबतीत जवळजवळ पावसाच्या पाण्याइतकं हलकं. पुरात बुडालेल्या झाडांच्या फांद्यांमध्ये हे मासे कळपानं राहतात.

म्हणूनच पाणवनस्पतींनी भरलेल्या टाकीत, कार्डिनल टेट्रा माशांच्या घोळक्यात फिरणारा डिस्कस फार शोभून दिसतो. अमेझॉन स्वोर्ड, अनुबियास, जावा फर्न या वनस्पती 28-29 अंशांचं कोमट पाणी सहन करतात. मासे निरोगी असले, त्यांची जोडी जमली, तर अशा सर्व माशांच्या सामायिक टाकीतही ते अंडी घालतात. नर आणि मादी एखादं रुंद पान निवडतात, तोंडानं घासून ते स्वच्छ करतात, एकमेकांसमोर अंग थरथरवतात. मग मादी पानावर खालून वर सरकत अंड्यांची ओळ लावते आणि मागोमाग नर त्यावरून जातो. बघता बघता शंभर-दोनशे अंडी चिकटतात आणि दोघंही पर हलवून त्यांच्यावर ताजं पाणी वाहतं ठेवतात.

बहुतेकांची हौस इथपर्यंतच पोचते. सकाळी बघावं तर पान कोरं! दिवसा आईबाप राखण करतात, पण दिवा मालवला की त्यांना दिसेनासं होतं आणि तळाशी फिरणारे सकर आणि कोरिडोरस हे मासे अंड्यांवर ताव मारतात. कधी नवखी जोडी घाबरून स्वतःच अंडी गिळते. यातूनही वाचलेली अंडी पांढरी पडून बुरशीला लागली, तर कारण पुन्हा पाण्यातच शोधावं लागतं. पाण्यात कॅल्शियम जास्त असलं की अंड्याचं आवरण टणक होतं. बीज फळत नाही, किंवा फळलं तरी जीव बाहेर पडू शकत नाही. बोअरच्या पाण्यात मोठा डिस्कस जगतो, खातो, रंगही धरतो. त्याची अंडी मात्र त्या पाण्यात क्वचितच फुटतात.

समजा, फुटली. 30 अंशांच्या पाण्यात साधारण अडीच दिवसांनी अंड्यांतून वळवळणारे जीव बाहेर येतात. आणखी दोन-तीन दिवस ते पानालाच लटकून राहतात आणि मग पोहू लागतात. त्यानंतर जे दिसतं, ते माशांच्या जगात फार थोड्या ठिकाणी दिसतं. आईबापांचं अंग काळपट होतं, त्वचेवर दाट बुळबुळीत स्राव येतो, आणि सगळी पिल्लं त्यांच्या दोन्ही कुशींना चिकटून तोच खाऊ लागतात. एकजण थकला की झटक्यात बाजूला होतो आणि सगळा लोंढा दुसऱ्याच्या अंगावर जातो. बापसुद्धा आईइतकाच पाजतो. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010मध्ये दाखवून दिलं, की पिल्लांच्या या काळात स्रावातली प्रथिनं आणि रोगाशी लढणारी द्रव्यं वाढतात. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र आईबाप पिल्लांना टाळू लागतात. म्हणजे दूध तोडणं इथेही आहेच.

सामायिक टाकीत पिल्लं नेमकी इथेच हरवतात. त्यांची ओढ गडद रंगाच्या आडोशाकडे असते. टाकीत काळं लाकूड असलं, दाट झाडी असली, की ती आईबापांना सोडून तिकडे भरकटतात, फिल्टरच्या नळीत खेचली जातात. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला थायलंडमध्ये तयार झालेल्या पिजन ब्लड या फिकट, नारिंगी जातीत ही अडचण आणखी वाढते, कारण त्या आईबापांचं अंग पुरेसं काळवंडतच नाही.

तरीही झाडांची टाकी मोडून टाका, असा सल्ला बीड जिल्ह्यात देऊ नये. व्यावसायिक पैदासदार उघड्याबोडक्या टाक्यांतलं निम्मं पाणी रोज बदलतात. ज्या मुलखानं 2016मध्ये धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलेलं पाहिलं, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी जाताना पाहिलं, तिथे हा शिरस्ता परवडणारा नाही आणि शोभणाराही नाही. टाकीतल्या वनस्पती माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया आणि नायट्रेट शोषून घेतात, त्यामुळे पाणी कमी बदलावं लागतं. बदललेलं पाणीही परसातल्या भाजीला घालावं, ते खतासारखं लागू पडतं. मोठ्या माशांचं घर झाडांच्या टाकीतच असू द्यावं, विणीपुरती जोडी हलवावी.

त्यासाठी साठ-सत्तर लिटरची साधी टाकी पुरे. तळ मोकळा, हवेवर चालणारा स्पंजचा फिल्टर आणि मधोमध गावच्या कुंभाराकडची मातीची कुंडी उपडी ठेवलेली. जगभरचे पैदासदार मातीचे शंकू वापरतात, कुंडी तेच काम करते. रात्री एक मंद दिवा ठेवावा. लाईट गेली की हवेचा पंप बंद पडतो आणि कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, म्हणून बॅटरीवरचा पंप जवळ हवाच.

आणि पाणी? आरओचं पाणी चालतं, पण त्या यंत्रातून बरंच पाणी वाया जातं. त्यापेक्षा पाऊस बरा. शंभर चौरस फूट छपरावर 10 मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे 90 लिटर पाणी मिळतं. पहिल्या सरींचं धुळीचं पाणी सोडून द्यावं. जस्ताच्या नव्या पत्र्यावरचं घेऊ नये, कारण जस्त माशांना विषारी असतं. नुसत्या पावसाच्या पाण्याची आम्लता एकाएकी वाढते, म्हणून त्यात थोडं बोअरचं पाणी मिसळावं आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर आकडा शंभराच्या आसपास आणावा.

साठ लिटरची टाकी आणि तीन आठवडे रोज पंधरा लिटरची बदली धरली, तर एका विणीला पावणेचारशे लिटर पाणी लागतं. दोनशे लिटरचे दोन झाकलेले ड्रम पावसाळ्यात भरून ठेवले की एका विणीची सोय झाली. पुढे आर्टेमिया या इवल्या कोळंबीसारख्या जिवाच्या ताज्या पिल्लांवर वाढलेले छोटे डिस्कस हळूहळू बोअरच्या पाण्याला सरावतात आणि मोठ्या टाकीत जाऊ शकतात. पहिल्या दोन-तीन विणी वाया गेल्या तरी जोडी मोडू नये. राखण करणं ती अनुभवानं शिकते.