मोबाईलमधली तारीख कुणाच्या घड्याळाची?



आज आपण तारीख आणि वेळ यांबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, त्यात काय बोलायचं? भिंतीवर कॅलेंडर आहे, हातात मोबाईल आहे. पण आता गटाचा हिशेब मोबाईलवर आला. रोजगार हमीच्या कामावर मोबाईलवर फोटो काढून हजेरी लागते आणि त्या फोटोसोबत वेळ नोंदली जाते. दुधाची पावती मशीनमधून निघते. या सगळ्यावर जी तारीख पडते, तिच्यावर आपले पैसे ठरतात. हप्ता वेळेवर भरला की उशिरा, दंड लागणार की नाही, आजची मजुरी मिळणार की बुडणार, हे ती तारीख सांगते. म्हणून विचारायचं, की ही तारीख येते कुठून?

मोबाईलच्या आत एक छोटं घड्याळ असतं. ते रोज थोडं थोडं पुढेमागे होत राहतं. बॅटरी पूर्ण उतरून फोन बरेच दिवस पडून राहिला, तर काही फोन वेळ पार विसरतात. मग चालू केल्यावर १ जानेवारी १९७० अशी तारीख दिसते. ती कुठून आली? बऱ्याच संगणकांची वेळ मोजायची सुरुवातच त्या दिवसापासून धरलेली आहे. घड्याळ शून्यावर गेलं की तीच तारीख दिसते. शिवाय फोनची तारीख कुणीही हाताने बदलू शकतं. मुलं खेळाच्या नादात बदलतात, आणि कुणी मुद्दामही बदलेल. म्हणजे फोनचं घड्याळ सोयीचं आहे, पण साक्षीला उभं करण्यासारखं नाही.

मग खरी वेळ कुणाकडे? आपल्या देशाची प्रमाणवेळ नवी दिल्लीतली राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते. तिथे अणुघड्याळं आहेत. त्या घड्याळांशी जुळवलेली वेळ इंटरनेटवरून मिळते. फोनला ती अशाच एखाद्या नेमक्या घड्याळाकडून इंटरनेटवर मिळते, नाहीतर मोबाईलच्या टॉवरकडून मिळते.

आता गंमत बघा. निरोप यायला वेळ लागतो. मग आलेली वेळ शिळी नाही का होणार? समजा, आपलं घड्याळ बिघडलंय. आपण मुलीला शाळेतलं घड्याळ बघायला पाठवलं. ती निघाली तेव्हा आपल्या घड्याळात दहा वाजले होते. परत आली तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली. ती म्हणाली, शाळेत दहा वीस झाले होते. जाण्यायेण्याला दहा मिनिटं लागली, म्हणजे परत यायला पाच धरू. तेव्हा आत्ताची खरी वेळ दहा पंचवीस. आपलं घड्याळ पंधरा मिनिटं मागे आहे! इंटरनेटवर वेळ जुळवण्याची जी पद्धत १९८५ पासून चालू आहे, तिचा हिशेब असाच आहे. फक्त तिथे मिनिटांऐवजी सेकंदाच्या बारीक तुकड्यांचा खेळ असतो. पण मुलगी येताना वाटेत खेळत बसली तर? हिशेब चुकतो. म्हणून नीट बनवलेली व्यवस्था एकदाच विचारून थांबत नाही. ती अनेकदा विचारते, तीनचार घड्याळांना विचारते आणि ज्याचं उत्तर इतरांशी जुळत नाही ते बाजूला ठेवते.

वेळ बरोबर असली, तरी ती कुठली हेही बघावं लागतं. भारतात १९०६ मध्ये एक प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईत पुढे कितीतरी वर्षं जुनी ‘मुंबई वेळ’ चालू होती. ती सुमारे ३९ मिनिटं मागे होती. तसाच घोळ आज संगणकात होतो. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. अनेक संगणक आत जागतिक वेळच लिहितात. ते ठीकच आहे, पण दाखवताना साडेपाच तास मिळवायला हवेत. ते विसरले, तर पहाटे पाचला घातलेलं दूध आदल्या दिवशी रात्री साडेअकराला घातल्याचं दिसेल. दूध तेवढंच, पण तारीख चुकली!

आणखी एक अडचण आपल्या ओळखीची आहे, रेंजची. हप्ता पाच तारखेला बैठकीत भरला. सचिवताईंनी लगेच मोबाईलवर नोंद केली. पण रेंज नव्हती. नोंद सात तारखेला वर पोचली. आता हप्ता पाचचा की सातचा? अर्थात पाचचा. पण ॲपमध्ये फक्त पोचल्याची तारीख ठेवली, तर प्रामाणिक बाईला दंड लागतो. आणि फक्त फोनची तारीख ठेवली, तर तारीख मागे घेऊन कुणी फसवू शकतं. म्हणून चांगल्या ॲपमध्ये दोन्ही तारखा हव्यात, नोंद केली कधी आणि पोचली कधी. फोनमध्ये आणखी एक मोजणी चालते. फोन चालू केल्यापासून किती वेळ गेला, याची ती मोजणी. तारीख बदलली तरी ती बदलत नाही. रेंज असताना एकदा खरी वेळ घेतली, की ॲपला रेंज नसतानाही या मोजणीवरून खरी वेळ काढता येते. फक्त फोन बंद करून चालू केला की ती पुन्हा शून्यापासून सुरू होते.

मग आपण करायचं काय?

फोनच्या सेटिंगमध्ये ‘तारीख आणि वेळ’ उघडा आणि ‘आपोआप’ असं जे बटण आहे ते चालू ठेवा. त्याचा आणखी एक फायदा आहे. तारीख फारच चुकली, तर बँकेचं ॲप उघडतसुद्धा नाही. कारण बँकेची खरी ओळख पटवणारा दाखला ठरावीक मुदतीचा असतो. फोनची तारीख चुकीची असेल, तर त्याला वाटतं दाखल्याची मुदतच संपली.

दुसरं, गटात नवीन ॲप आलं की शिकवायला येणाऱ्या ताईंना किंवा साहेबांना तीन प्रश्न विचारा. यात वेळ फोनची घेतात की मुख्य संगणकाची? रेंज नसताना केलेल्या नोंदीवर कोणती तारीख पडते? आणि तारीख चुकली, तर दुरुस्ती कोण करतं, आणि जुनी नोंद दिसत राहते का? उत्तर मिळालं नाही, तर प्रश्न ग्रामसंघाच्या इतिवृत्तात लिहा आणि वर पाठवा. तो मोठा प्रश्न आहे, विचारताना संकोच करू नका.

तिसरं, वही सोडू नका. बैठकीची तारीख, वार आणि वेळ वहीत लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. ॲपमधल्या तारखेवर वाद झालाच, तर दहा जणींच्या सह्या असलेलं पान आपली बाजू सांगेल.

पुढच्या बैठकीत सगळ्यांचे फोन शेजारी शेजारी ठेवा आणि वेळ ताडून पाहा. ज्या फोनवर गटाची नोंद होते, तो आधी बघा.