दांताचा गाभा आणि जबड्याची बिजागरी

श्रोते हो, दाढ दुखूं लागली म्हणजे ‘एकदां काढून टाकली कीं सुटलों’ असें म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. पायांत कांटा रुतला तर आपण कांटा काढतों, पाय तोडीत नाहीं. दाढेला मात्र हा न्याय लावीत नाहीं. शिवाय कधीं कधीं काढलेली दाढ निर्दोष निघते, आणि खरें दुखणें जबड्यांतच राहतें. या दोन दुखण्यांची ओळख करून द्यावी, आणि त्यांची गांठ जेथें पडते तो आपल्याकडचा एक घातक रोग आपणांपुढें मांडावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

सुश्रुतानें दांतांचे जे आठ रोग सांगितले, त्यांत ‘कृमिदन्तक’ आहे आणि ‘हनुमोक्ष’ही आहे. किडलेला दांत आणि निखळलेला जबडा यांना त्यानें एकाच पंक्तीला बसविलें. हा शेजार योग्यच होता. परंतु दांतांतला कृमि कांहीं सांपडला नाहीं. फ्रान्समधील दंतवैद्य पिएर फोशार यानें १७२८ सालच्या आपल्या ग्रंथांत, सूक्ष्मदर्शकानें शोधूनही असा किडा दिसला नाहीं, असें नमूद केलें. पुढें १८९० सालीं मिलर यानें दाखवून दिलें कीं, तोंडांतील जंतु साखर व पिष्ट आंबवून आम्ल निर्माण करतात आणि त्या आम्लानें दांत झिरपत जातो. आपल्या कोल्हापुरी गुळाचा खडाही दांताला चिकटून राहिला तर त्या जंतूंना मेजवानीच होय.

दांत म्हणजे नुसता दगड नव्हे. वरचें कवच अत्यंत कठीण. त्याखालीं सूक्ष्म नलिकांनीं भरलेला थर. आणि सर्वांत आंत रक्तवाहिन्या व मज्जातंतु यांनीं गजबजलेला मऊ, जिवंत गाभा. शरीरांत इतरत्र सूज आली तर तिला पसरावयास जागा असते. येथें चारही बाजूंस टणक भिंती. म्हणून सुजलेला गाभा ठणकूं लागतो आणि रात्रीची झोंप उडवितो.

हा गाभा एकदां उघडा पडला म्हणजे मेलाच, अशी पूर्वी समजूत होती. १९६५ सालीं अमेरिकेंत काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झजेराल्ड या तिघांनीं एक साधा पण निर्णायक प्रयोग केला. त्यांनीं उंदरांच्या दाढा कोरून गाभा उघडा केला. कांहीं उंदीर नेहमींसारखे वाढलेले होते, कांहीं जन्मापासून निर्जंतुक वातावरणांत. पहिल्यांचा गाभा सडला. दुसऱ्यांच्या गाभ्यानें मात्र अन्नाचे कण आंत शिरले असतांही आपल्यावर नवें कठीण छत बांधून घेतलें. म्हणजे गाभ्याला मारणारा जखमेचा घाव नव्हे, जंतु होत. जंतूंना दूर ठेवलें तर गाभा स्वतःला सांवरतो. याच तत्त्वावर गेल्या शतकाच्या अखेरीस नवीं औषधी सिमेंटें तयार झालीं. आतां योग्य रोग्याच्या बाबतींत गाभ्याचा फक्त बिघडलेला भाग काढून उरलेला झांकतां येतो. तेंही शक्य नसेल तर मुळांतील नळ्या साफ करून भरतात; तरी दांत जागेवर राहतो.

याचा घरगुती बोध असा: थंड पाण्यानें सणक येऊन लगेच थांबत असेल, तर गाभा बहुधा वांचण्याजोगा आहे, तेव्हांच दंतवैद्याकडे जावें. पाणी गिळून झाल्यावरही कळ रेंगाळत असेल, किंवा आपोआप रात्रीं उठत असेल, तर विलंब करूं नये. आणि फार दिवस ठणकणारी दाढ एकाएकीं शांत झाली, तर ‘बरी झाली’ असें समजून स्वस्थ बसूं नये. पुष्कळदां ती शांतता गाभा मेल्याची असते, आणि जंतु खालीं हाडाकडे वळलेले असतात.

आतां जबड्याकडे वळूं. कानाच्या पुढें बोट ठेवून तोंड उघडावें. बोटाखालीं हालतो तो जबड्याचा सांधा. दाराच्या बिजागरीपेक्षां त्याची रचना चतुर आहे. तो आधीं फिरतो आणि मग पुढें सरकतो. मधें एक चकती असते. चकती जागची हलली तर ‘कट’ असा आवाज येतो. नुसत्या आवाजाला उपचाराची गरज बहुधा नसते. पण चघळण्याचा स्नायु थकला, रात्रीं दांत खाण्यानें ताणला गेला, तर त्याची वेदना थेट दाढेंत भासते. अशा वेळीं निरोगी दाढ काढली जाते आणि दुखणें तसेंच राहतें! अशा रोग्यांपैकीं बहुतेकांना मऊ अन्न, ऊनशेक, सौम्य व्यायाम व विश्रांति एवढ्यानेंच आराम पडतो.

परंतु आपल्या प्रांतांत जबडा अडकण्याचें एक निराळें आणि भयंकर कारण आहे. १९५२ सालीं केनियांतील पांच भारतीय स्त्रियांत तें वर्णिलें गेलें, आणि १९५३ सालीं मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनीं आपल्याकडील रोग्यांवरून त्याची ओळख पटविली. गालाच्या अस्तराखालीं दोरासारखे कठीण तंतु साचतात आणि तोंड दिवसेंदिवस कमी उघडतें. कारण सुपारी. तिच्यांतील आरेकोलिन हें द्रव्य तंतु वाढवितें आणि इतर घटक ते तंतु पक्के करतात. पानपट्टीवरचा मावा व गुटखा यांतही सुपारीच असते. केरळांत अशा ६६ रोग्यांवर १७ वर्षें लक्ष ठेवलें, तेव्हां त्यांतील ५ जणांना तोंडाचा कर्करोग झाला. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यावर बंदी आली. पण कायद्याचा हात प्रत्येकाच्या खिशापर्यंत पोहोंचत नाहीं.

येथेंच आपल्या दोन्ही विषयांची गांठ पडते. तोंड दोन बोटेंही उघडत नसेल, तर मागच्या दाढेच्या गाभ्यापर्यंत दंतवैद्याचें हत्यार जावें कसें? जी दाढ वांचली असती ती अशा रीतीनें गमवावी लागते.

या रोगाची पहिली खूण कोल्हापुरांत ओळखणें अवघड नाहीं. काल आवडीनें तांबडा रस्सा ओरपणाऱ्या तरुणाला आज तो तोंडांत धरवत नसेल, गालांची आग होत असेल, तर त्याच्या खिशांतील पुडीची विचारपूस करावी. दुसरी परीक्षा आणखी सोपी: स्वतःचीं तीन बोटें एकावर एक उभीं धरून पुढच्या दांतांमध्यें घालावीं. निरोगी तोंडांत तीं सहज मावतात. मावत नसतील तर सुपारी त्याच दिवशीं सोडावी व तज्ज्ञाला भेटावें. साचलेले तंतु पुरते विरत नाहींत. म्हणून जितक्या लवकर थांबावें तितकें अधिक तोंड हातीं राहतें. घरांतील वडील माणसांनीं हा तीन बोटांचा प्रयोग मुलांना आज रात्रीं जेवणापूर्वीं करावयास लावावा, एवढें सांगून मी आपला निरोप घेतों.